जुना माल गिऱ्हाइकाचा

माझ्या मुलीच्या नखांत ग्रीस असतं. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, रॉकेल लावलं तर तेवढ्यापुरतं जातं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत हजर. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या पाहुण्यारावळ्यांत सध्या हाच विषय आहे. लग्नात, बारशात, अगदी दहाव्यालासुद्धा कुणीतरी माझ्याजवळ सरकतं आणि हळू आवाजात विचारतं, मिस्त्री, पोरीचे हात बघितले का? बघितले. रोज बघतो, आणि तुमच्यापेक्षा जवळून बघतो.

या अंकासाठी मला चौतीस वर्षांचे अनुभव लिहायला सांगितलं आहे. चौतीस वर्षं मी युसूफ वडगावच्या पुढं, केज रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये मोटारसायकली दुरुस्त केल्या. सगळं लिहायचं म्हटलं तर क्लच प्लेट, चेन, पंक्चर, क्लच प्लेट असंच होईल. म्हणून एकाच गाडीचं सांगतो. पण त्याआधी आमच्या धंद्यातली एकदोन कामं सांगायला हवीत, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गॅरेज नवीन होतं तेव्हा शेजारच्या गावचे एक गुरुजी आले. त्यांच्या गाडीच्या क्लच प्लेटा मी बदलल्या आणि जुन्या भंगारात टाकल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजी परत. म्हणाले, प्लेटा बदललेल्याच नाहीत, नुसतं घासून दिलंय. दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. गुरुजी दिवसभर शेडसमोरच्या दगडावर बसून राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हीच हकीकत सांगत राहिले. आवाज न चढवता, वर्गात शिकवावं तसं. त्या दिवसापासून मी नियम केला: जुना माल गिऱ्हाइकाचा. गाडीतून जे निघेल ते पिशवीत भरायचं, चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव लिहायचं, आणि नव्या कामाबरोबर हातात द्यायचं. साधा वायसर निघाला तरी. मोठं काम असलं तर पिशवीऐवजी पोतं. कुणी नेलं नाही तर माळ्यावर ठेवायचं. बायको म्हणते, आपल्या शेडमध्ये माणसं कमी आणि पोतीच जास्त.

एका घराच्या चिठ्ठीवर मात्र मी कधी नाव लिहिलं नाही. माजलगावच्या बाजूला कालव्याखाली ज्यांचा शेकडो एकर ऊस आहे, त्या घराच्या गाड्या माझ्याकडं यायच्या. त्यांच्या चिठ्ठीवर मी फक्त 'मालक' लिहायचो. तसं लिही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप लिहायचा.

दुसरं काम हंगामाचं. आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी माणसं गाव सोडतात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. मागं राहिलेल्या मोटारसायकली माझ्या शेडमध्ये. गाडी झोपवायची एक पद्धत असते. टाकीतलं पेट्रोल काढायचं, प्लग खोलून आत चमचाभर ऑइल सोडायचं, बॅटरी काढायची, चाकं विटांवर उचलायची आणि शेवटी सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबायची, म्हणजे उंदीर शिरत नाहीत. माणूस परत आला की ही चिंधी हमखास विसरतो. एका वर्षी दोन तास किका मारून एक गडी घामाघूम झाला. मीही प्लग काढून बघतोय, कार्बोरेटर काढून बघतोय. त्याची बायको शांताबाई डोक्यावर बोचकं घेऊन उभी होती. ती वाकली, सायलेन्सरमधून चिंधी ओढली आणि माझ्या हातात दिली.  तेव्हापासून त्या बाईचा मला जरा धाक आहे.

आता त्या गाडीचं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मालकांच्या धाकट्या मुलानं, त्यांना आम्ही धाकटे मालक म्हणायचो, कुठूनतरी एक परदेशी गाडी आणली. शर्यतीची, चिखलातून आणि ढेकळांतून उड्या मारत जाणारी. उंच, सडपातळ, दिवा नाही, हॉर्न नाही, कागदपत्रं तर नाहीतच. कालव्याच्या भरावावरून ती उधळायची तेव्हा बैल दावं तोडायचे. टू स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, कारण आतल्या पिस्टनला दुसरं वंगण मिळत नाही. धाकट्या मालकांनी नुसतं पेट्रोल भरलं आणि चढावर गाडी पिळली. पिस्टन तापून जागच्या जागी चिकटला. गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माझ्याकडं आली, ती आलीच. कुणी विचारायला आलं नाही, कुणी न्यायला आलं नाही. शेडच्या मागं ती उभी राहिली. सीटमध्ये कोंबडीनं अंडी घातली. मडगार्ड उन्हानं तडकून पडले.

आणि माझी मुलगी अश्विनी त्या गाडीवर बसून लहानाची मोठी झाली.

बारावीनंतर तिला आयटीआयला मोटार मेकॅनिकला जायचं होतं. तो फॉर्म मी फाडला नाही आणि भरलाही नाही. कपाटावर ठेवला आणि तारीख जाऊ दिली. फाडला असता तर निदान भांडण झालं असतं. ती काहीच बोलली नाही, आणि पुढंही बोलेना. जेवण वाढायची, चहा आणून ठेवायची, पण शब्द नाही. असं पाच महिने चाललं. त्याच सुमाराला माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे, वाढत जाईल. मेकॅनिकचा हात गेला म्हणजे काय राहिलं? शेड मोबाईलच्या दुकानाला भाड्यानं द्यायची, असं मी मनाशी ठरवत आणलं होतं.

एक दिवस कार्बोरेटरचा जेट माझ्या बोटांतून चौथ्यांदा सुटून मातीत पडला. अश्विनीनं तो उचलला, फुंकला, जागेवर बसवला. मग पाच महिन्यांत पहिल्यांदा बोलली.

"मला शिकवा, न्हाईतर शेड विकून टाका. रोज बघून जीव जातोय माझा."

मी तिला मागं नेलं आणि ती शर्यतीची गाडी दाखवली. म्हणालो, ही चालू कर, मग बघू. वाचणाऱ्यांना यात बापाची माया दिसेल, म्हणून खरं काय ते सांगतो. मी तिला शिकवायला गाडी दिली नव्हती, हरवायला दिली होती. वीस वर्षं चिकटलेला पिस्टन शहाण्या माणसाच्यानं निघत नाही. आठ दिवसांत कंटाळेल, आणि माझ्यावर नकार द्यायची वेळ येणार नाही, हा माझा हिशेब होता.

चिकटलेला पिस्टन काढायला ताकद लागत नाही. प्लगच्या भोकातून डिझेल सोडायचं आणि वाट बघायची. ते मुरलं की परत सोडायचं. मग बाभळीचा ठोकळा लावून हलके ठोके द्यायचे. घाई केली, हातोडी जोरात घातली, की संपलं सगळं. ती घाई करेल म्हणून मी टपून होतो. तिनं सकाळी डिझेल सोडलं, संध्याकाळी सोडलं, आणि हातोडीला हात लावला नाही. नवव्या दिवशी ती माझ्यापाशी आली.

"आबा, हाललं."

"हाललं म्हंजी निघालं न्हाई," मी म्हणालो.

पोर नऊ दिवस डिझेलात हात घालून बसली होती आणि मला एवढंच बोलता आलं. या वाक्याचा मला आजही राग येतो.

पण त्या दिवसानंतर मीच रोज मागं जाऊन बसायला लागलो. गिऱ्हाइकं पुढं थांबलेली आणि आम्ही बापलेक मागं. तिला मी पॉइंटमधलं अंतर ब्लेडच्या पात्यानं कसं बघायचं ते शिकवलं. चाकाची आऊट, म्हणजे फिरताना होणारी वाकडी चाल, कशी काढायची, कुठली तार आवळायची आणि कुठली सैल करायची, ते शिकवलं. त्या गाडीचे भाग जगात कुठं मिळत असतील ते मिळोत, केजात मिळत नव्हते. म्हणून सिलेंडरचं बोअर, म्हणजे आतलं भोक, वाढवून त्यात आपल्याकडच्या साध्या टू स्ट्रोक गाडीचा पिस्टन बसवला. मडगार्ड निळा ड्रम कापून केले. पाय ठेवायचे रबर साखर कारखान्याच्या जुन्या पट्ट्यातले. टायरला पातं तापवून हातानं खाचा पाडल्या. यातलं निम्मं तिला सुचलं, मला नाही. आणि जुना निघालेला प्रत्येक भाग, कोंबडीच्या काडीकचऱ्यासकट ती सीटसुद्धा, ती पोत्यात भरत गेली. नियम म्हणजे नियम. पहिल्या पोत्याची चिठ्ठी मी लिहिली: 'मालक'.

पिस्टन मी बसवला. म्हणजे हट्टानं, थरथरत्या हातानं, मीच बसवला. पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो, तो सायलेन्सरच्या बाजूला हवा. अश्विनी म्हणाली, आबा, बाण उलटा दिसतोय. मी तिच्यावर वस्सकन ओरडलो. तीस वर्षं झाली, मला बाण शिकवतीस का?  किक मारली तर आतून पत्रा खरवडल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं डोम, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, उतरवला, सिलेंडर काढला आणि पिस्टनची तुटलेली रिंग माझ्यापुढं कागदावर ठेवली. बाण उलटाच होता. मी म्हणालो, तुझं बरोबर होतं. हे वाक्य मी त्याआधी शेडमध्ये कुणालाही म्हणालो नव्हतो. गुरुजींनाही नाही, शांताबाईलाही नाही.

गाडी चालू झाली ती आठव्या महिन्यात. तळ्याच्या कोरड्या पात्रात अश्विनीनं ती पळवली. निळ्या धुराचा पट्टा मागं, आणि उंचवट्यावरून दोन्ही चाकं हवेत. मी काठावर उभा होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण लपवायला तिथं कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं असंही नाही. गावातल्या कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं, ते गावोगाव फिरलं, आणि फिरत फिरत माजलगावकडं पोचलं.

मागच्या वर्षी खंडेनवमीला धाकटे मालक आले.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. सगळे पाने, पकडी, हातोड्या धुऊन सतरंजीवर मांडायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, ते दसरा झाल्यावरच. इतक्या वर्षांत मी उचललं नव्हतं. एकदा आमदाराची गाडी दारात बंद पडली होती तरी नव्हतं. त्या दिवशी शेडमध्ये घरचे होतो आणि शांताबाई होती. नवरा-बायको दसऱ्यानंतर तोडीला निघणार होते, म्हणून ती गाडी ठेवायला आली होती आणि चहा घेत पायरीवर बसली होती.

मोठी गाडी थांबली, मागं पिकअप. धाकटे मालक आता पंचेचाळिशीचे, अंगानं सुटलेले, दोन-चार संस्थांवर नाव. मला त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षं जास्त झाली असतील. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, सीटवर थाप मारली.

"लई जपलीस बे मिस्त्री. उद्याच्या मिरवणुकीत पुढं ठेवायची. काय लागलं असंल ते सांग आन् चढव पिकअपमधी."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुमचीच हाय मालक. न्या." विचार न करता म्हणालो. चिठ्ठीवर हात लिहायचा तसं तोंड बोललं.

अश्विनी पूजेसमोर उभी होती. ती पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "तुमची गाडी तुमाला मिळंल. तुमची जेवढी हाय तेवढी."

तिनं माळ्यावरून दोन पोती खाली ओढली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. मग सतरंजीपाशी जाऊन कपाळाला हात लावला आणि दहा-अकराचा पाना उचलला. माझी बायको दारातून म्हणाली, अगं, आज न्हाई उचलायचं. अश्विनीनं पान्यावरचं कुंकू पदराला पुसावं तसं ओढणीला पुसलं आणि गाडीच्या सीटचा पहिला बोल्ट सोडवायला बसली. मान वर न करता तिनं मला विचारलं, "आबा, पलीकडून तुमी धरता का मी एकटीच करू?"

धाकटे मालक म्हणाले, "मिस्त्री, थांबव तिला."

मी सतरंजीवरचा चौदा-पंधराचा उचलला. हात थरथरत होता. नसांमुळं थरथरत होता, आणि थोडा भीतीनंही, खोटं कशाला बोलू. मी पलीकडून बसलो आणि म्हणालो, "ती माझ्या हाताखाली न्हाई मालक. मी तिच्या हाताखाली हाय."

जोडायला आठ महिने लागलेली गाडी आम्ही अडीच तासांत उघडली. आधी सीट निघाली. निळे मडगार्ड निघाले. चाकांच्या तारा एकेक करून निघाल्या, त्या नव्या होत्या. प्रत्येक नव्या भागाच्या जागी पोत्यातला जुना भाग काढून त्यांच्यापुढं मांडत होतो. कोंबडीवाली सीट ठेवली तेव्हा रस्त्यावर जमलेल्या लोकांत कुणीतरी हसलं. पहिली दहा मिनिटं धाकटे मालक आपल्या थंडगार गाडीत जाऊन बसले, पण लोक वाढले तसं त्यांना बाहेर येऊन उभं राहावं लागलं. शेवटी अश्विनीनं इंजिन उघडलं, आमचा पिस्टन काढून सतरंजीवर ठेवला आणि पोत्याच्या तळातला जुना पिस्टन त्यांच्या हातात दिला.

"हा तुमचा. हे वरखाडे हाईत ना, ते बिगर ऑइलच्या पेट्रोलचे. बोअर मातर वाढवलंय, ते काय परत बुजवता येत न्हाई. तेवढं आमच्याकडून ऱ्हाऊ द्या."

सांगाडा, टाकी, उघडं इंजिन आणि जुना माल परत भरून बांधलेली दोन पोती पिकअपमध्ये चढली. धाकटे मालक जाताना लक्षात ठेवीन म्हणाले. त्यांनी ठेवलंही. पुढचे तीन महिने त्यांच्या माणसांची एकही गाडी आमच्या शेडकडं वळली नाही. पाहुण्यांनी तर मला वेड्यातच काढलं. पोरीच्या नादानं मालकांचं गिऱ्हाईक घालवलंस, खंडेनवमी मोडलीस, आता बघ. बघतोय अजून. खंडेनवमीला हत्यार उचलल्याचं मला वाईट वाटतं का, तर नाही वाटत. तो फॉर्म कपाटावर ठेवला त्याचं वाटतं.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर सतरंजीवर आमचा माल पडला होता: पिस्टन, रिंगा, तारा, निळे मडगार्ड. मला ते बघवेना. अश्विनी एकेक भाग पुसून ठेवत होती. शांताबाईनं कपबशी पालथी घातली आणि म्हणाली, "आमची जुनी फटफटी हाय की घरामागं. टू टोकच हाय. तिला बसंल का ह्यो पिस्टन?"

बसणारच होता. तो मुळात तशाच गाडीचा होता. अश्विनीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आबा, आता आठ म्हैने न्हाई लागायचे."

संक्रांत झाली आणि एक दिवस तीच पिकअप शेडसमोर उभी राहिली. त्यात तोच सांगाडा, तीच दोन पोती, दोऱ्यासुद्धा न सोडलेल्या. ड्रायव्हर उतरला. म्हणाला, शहरात तीन ठिकाणी दाखवली, कुणी हात लावायला तयार नाही. साहेबांनी निरोप दिलाय, तुम्हीच परत जोडून द्या. तो हे मला सांगत होता. मी अश्विनीकडं बोट केलं.

ती शांताबाईच्या गाडीचं चाक फिरवून आऊट बघत होती. हात न थांबवता तिनं भिंतीवर टांगलेल्या कामांच्या चिठ्ठ्या बघितल्या.

"ठिवा तिकडं. पुढं धा गाड्या हाईत. ही अकरावी."

ड्रायव्हर म्हणाला, अगं, कुणाची गाडी आहे माहीत आहे ना? ती म्हणाली, माहीत आहे. मग तिनं कोरी चिठ्ठी घेतली आणि कानामागची पेन्सिल काढली. पोत्यावरची माझी जुनी चिठ्ठी, 'मालक' लिहिलेली, तिनं सोडवून माझ्या हातात दिली. जुना माल ज्याचा त्याला. नव्या चिठ्ठीवर तिनं त्यांचं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, खाली गाव लिहिलं, सगळ्या गिऱ्हाइकांचं लिहितो तसं, आणि ती सांगाड्याला बांधून टाकली.